रिकामा पाळणा न्यायचा न्हाई

मला लहानपणापासून आवाज काढायची खोड हाय. कंधारला शाळेत होतो तवा हेडसरांचा खोकला काढायचो. असा हुबेहूब, की शेजारच्या वर्गातले मास्तर खुर्चीवरून उठून उभे ऱ्हायचे. चढावर दमलेली एसटी, पिठाच्या गिरणीचा पट्टा, भांडेवालीची आरोळी, शेजारच्या काकूचं फोनवरचं "हां... हां... अगं माय... हां", सगळं येतं मला. गणित तेवढं येत न्हाई. आन् आमचे पप्पा गणिताचे मास्तर.

पप्पांचं एकच म्हणणं, "हे पोरगं कुणावर गेलं?" म्हणायचे आईकडं बघून. आई म्हणायची, "आमच्याकडं असलं कुणी न्हाई. तुमच्याकडंच हुडका." आता पप्पांकडं काय हुडकणार? पप्पा हसतात ते पण समास सोडून. आजोबा तलाठी होते, ते फोटोतसुद्धा आता सही करून उठतील असे बसलेत. त्यांच्या मागं पणजोबा. ते सुतार होते, शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात. त्यांचा फोटोच न्हाई. आजोबा शिकले, गाव सुटलं, वाकस-पटाशी, सगळी हत्यारं तिकडंच राहिली. आन् आमच्या घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा म्हणलं तरी बाहेरून माणूस बोलवायची पाळी आली.

आता ताईचं सांगतो. ताईचं सासर लातूरचं. बाळंतपणाला ती आमच्याकडं नांदेडला आली होती. ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेला दोन्हीकडच्या लोकांनी हौसेनं सगळं आधीच आणून ठेवलं होतं. टोपडी, दुपटी, आन् बटण दाबलं की गाणं वाजवत हलणारा स्टीलचा पाळणा. ते बाळ दवाखान्यातून घरी आलंच न्हाई. पाळण्याचा खोका पप्पांनी न उघडताच माळ्यावर टाकला. त्याच्यावर कुणी कधी बोललं न्हाई.

या वेळेस ताईनं एक टोपडंसुद्धा आधी आणू दिलं न्हाई. मुलगी झाली. झकास, लालबुंद, आवाज माझ्याहून मोठा. घरात सगळे खूश. पण ताई तिला खालीच ठेवंना. मांडीवर, न्हाईतर खांद्यावर. जेवायची ती एका हातानं. आईनं पोरीला न्हाऊ घालायला घेतलं तर ही समोर बसून डोळा न हलवता बघणार. झोपायची तर भिंतीला टेकून, बसल्या बसल्या, पोरीला छातीशी धरून. मनगटं सुजली. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आईनं रागावून बघितलं.

"अगं, ठेव की जरा गादीवर. तिला काय मुंग्या नेतेत का?"

"खाली ठेवलं ना आई, की मला..." एवढंच म्हणायची. पुढचं वाक्य कधी आलं न्हाई.

मी माझं सगळं दुकान मांडलं. हेडसर आणले, काकू आणली, एसटी तर तीनदा घाटात चढवली. ताई हसायची. पण पोरीभोवतीचा हात काय ढिला व्हायचा न्हाई.

मग एका दुपारी तिनंच विचारलं, "आपली आजी सांगायची तो पाळणा कुठं हाय रे?"

आजी जाऊन लई वर्षं झाली, पण हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. पणजोबानं एक पाळणा केला होता आन् अख्ख्या गावाची लेकरं त्याच्यात वाढली, असं आजी सांगायची. पप्पासुद्धा त्याच्यातच.

"त्याच्यात गेलेलं लेकरू धडधाकट उठतंच, असं म्हणायची ती," ताई म्हणली. "त्याच्यात ठेवीन मी हिला. दुसऱ्या कशातच न्हाई."

पप्पा म्हणले, "तो पाळणा आता कुठला? सरपणात गेला असंल." आईनं पप्पांकडं असं बघितलं, की पप्पांनी पेपर उघडला आन् पेपरच्या मागून गावाचा पत्ता सांगायला लागले.

बारसं जवळ आलं होतं. पाळणा माहेरचा असतो आन् तो आणायचा मामानं. मामा कोण? मीच.

नांदेडहून लातूर, लातूरहून दुसरी गाडी. कंडक्टरला म्हणलं, "एक शिरूर द्या." तो म्हणला, "ताजबंद का अनंतपाळ? नीट सांगा. चुकीच्या शिरूरला उतरलेली माणसं माझ्यावर ओरडून राहिलीत रोज." पुढं एका जीपमधी दाटीवाटीनं बसून गावात पोचलो. पारावर एक जण बसला होता, त्याला विचारलं, "सुताराचा पाळणा कुणाकडं असंल हो?"

"तो एका घरी थोडाच असतोय? ज्या घरातून रडणं ऐकू यील तिकडं जावा."

मला वाटलं गडी चेष्टा करून राहिला. पण त्यानं खरंच कान दिला, आन् हात केला, "ते बगा. आलं."

रडण्याच्या मागं मागं एका पत्र्याच्या घराशी आलो. दारात एक आज्जी सुपात तूर निवडत बसली होती. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली. दोरी गेलती आत, आढ्याला टांगलेल्या पाळण्याला. हातानं खडे काढणार, अंगठ्यानं पाळणा ओढणार. आत एक दांडगं पोरगं, दोन्ही पाय गजातून बाहेर काढून रडत होतं. त्याची आई, म्हणजे आज्जीची नातसून, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी कोण ते सांगितलं. आज्जी म्हणली, "सुताराचा पणतू? हात दाखव."

दाखवले.

"हे तर कारकुनाचे हायेत."

मी पाळणा बघितला. तेलानं आन् धुरानं काळा पडलेला. गज सगळे गोल कातलेले, खाचांमधी लाखेचा लाल-हिरवा रंग अजून दिसत होता. वर एक आडवी जाड पट्टी, तिच्या दोन्ही टोकांकडून खाली दोऱ्या, आन् पट्टीला टांगलेले दोन लाकडी राघू. एकाची चोच गेली होती. कुठंही एक खिळा न्हाई. सगळं लाकडाच्या खुंट्यांवर.

मी मागितला. आज्जीनं मानच हलवली.

"गावाची शीव वलांडून गेला न्हाई आजवर. एका घरातून दुसऱ्या घरात जातो, ते पण भरला जातो. नेम हाय त्याचा." असं म्हणून अंगठ्याची दोरी सोडली आन् मिसरी आणायला आत गेली.

आता माझं तोंड. नातसून समोर उदास होऊन उभी होती, म्हणलं हिला जरा हसवावं. सूप घेतल्यासारखं बसलो, गाल आत ओढले, "शीव वलांडून गेला न्हाई आजवर" केलं, आन् पायाचा अंगठा बी हलवला. नातसून पदर तोंडाला लावून हसली. मग एकदम हसायची थांबली.

मागं दारात आज्जी उभी होती.

मला वाटलं गेला पाळणा. ताईला काय सांगू? नांदेडपर्यंतचा सगळा रस्ता डोळ्यापुढून गेला.

"अजून एकदा कर," आज्जी म्हणली.

"चुकलं आज्जी, माफ—"

"कर म्हणलं की."

केलं.

"अंगठा बराबर हाय. नाकाचं जमलं न्हाई." ती खाली बसली. "तुझ्या पणज्यानं नाक बी सोडलं नसतं. आमच्या मामंजीचं नाक त्यानं अजून सोडलं न्हाई."

मला काय कळलं न्हाई. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

"आता खरं सांग. बहिणीला बाजारातला का चालंना?"

तिथं मला कुणाचाच आवाज काढता येईना. माळ्यावरचा खोका सांगितला, सुजलेली मनगटं सांगितली, बसून झोपणं सांगितलं. नातसुनेनं मधीच वाकून पोराला उचललं आन् कमरेवर घेतलं.

"न्या दादा तुम्ही," ती म्हणली. "ह्याचे पाय बगा की कुठं आलेत. हे रडतंय ते अडकून पडतंय म्हणून. सतरंजीवर टाकलं तर घोरतंय."

आज्जीनं मिसरीची डबी उघडली, झाकली.

"रिकामा पाळणा न्यायचा न्हाई पण," शेवटी म्हणली. आन् आतून वरवंटा घेऊन आली, पाट्यावरचा, धुतलेला. त्याला पणतूचं टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला आन् माझ्या हातात दिला. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, ते मला माहीत होतं. पण हा वरवंटा मला एकट्याला संभाळायचा होता, दोन गाड्या बदलून.

"मान धर," आज्जी म्हणली.

"आज्जी, दगड हाय."

"धर म्हणलं की. आन् पाळण्यासंगं हा बी वापस आणून द्यायचा. येताना पोरीला बी आण."

पाळणा खोलताना तीच सांगत होती. "वरून ठोकू नको, येड्या. खालून. अशी. आली का?" खुंट्या एकेक करून सुटत गेल्या आन् एवढा मोठा पाळणा एका जुन्या लुगड्यात मावला. वरची पट्टी बांधताना हाताला लागली. वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत आन् खालची खडबडीत, तेला-धुराचा थर बसलेली. म्हणलं, पणजोबा पण आपल्यासारखाच. दिसंल तिथं काम, न दिसंल तिथं आराम.

लातूरहून नांदेडच्या गाडीत बसलो. गाठोडं पायाशी, वरवंटा मांडीवर. कंडक्टर आला. मी गंभीर चेहरा करून दुपटं थोपटलं आन् तोंड न हलवता लेकराचं रडणं काढलं. माझी पोरगी... म्हणजे भाची रडते तसं, शेवटी उचकी लागून.

"लेकरू किती वर्षाचं?" कंडक्टरनं विचारलं.

मागच्या सीटवरची एक मावशी तोवर उठून आली होती. "अरे बाबा, असं धरतेत का? दे इकडं," म्हणून तिनं टोपडं बाजूला केलं. बघते तर वरवंटा. अर्धी गाडी हसायला लागली.

कंडक्टरनं वाकून बघितलं. "हे पंच्याहत्तरच्या वरचं दिसून राहिलं. ह्याला फुकट हाय. पण आधार कार्ड दाखवावं लागंल."

मी सगळं सांगितलं, कुणाकडं काय घेऊन चाललोय ते. हसणं कमी झालं. मावशीनं मग काय करावं? आपल्या डोळ्याच्या कडेचं काजळ बोटावर घेतलं आन् वरवंट्याला तीट लावली.

"ऱ्हाऊ दे," म्हणली. "एवढे जण हसले त्याला. नजर लागती."

नांदेडपर्यंत मी त्याची मान धरून बसलो.

आमच्या हॉलच्या स्लॅबला दोन कड्या हायेत. घर बांधताना आईनं झोपाळ्यासाठी टाकून घेतल्या होत्या. झोपाळा काय आला न्हाई, पावसाळ्यात त्याच्यावर कपडे वाळतात. बारशाच्या दिवशी सकाळी मी आन् पप्पा पाळणा जोडायला बसलो. पप्पा सोवळ्यात बसल्यासारखे चष्मा लावून. ताई भिंतीला टेकून, पोरीला घेऊन बघत होती.

"ही खडबडीत बाजू वर घे," पप्पा म्हणले. "लोकं येणार. दिसायला बरं दिसत न्हाई." मला पण पटलं. पट्टी उलटी टांगली.

खुंट्या बसंनात. ठोकल्या, फिरवल्या, साबण लावला. पाळणा एका बाजूला कलला. ताईनं बघितलं आन् पोरीला अजून जवळ घेतलं. "ऱ्हाऊ दे," म्हणली. "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे."

"जमतंय, जमतंय," मी म्हणलं, पण माझं मलाच खरं वाटंना. अंगठ्यानं पाळणा ओढणाऱ्या त्या आज्जीचं "खालून, येड्या" आठवलं. पट्टी काढली, पुन्हा होती तशी फिरवली, खडबडीत बाजू खाली. तशी टांगली आन् खुंटीचं भोक कुठं हाय ते बघायला मी फरशीवर उताणा पडलो, मोबाईलची बॅटरी लावून.

वरून कुणीतरी माझ्याकडं जीभ काढून बघत होतं.

खोबऱ्याच्या तेलाचा बोळा घेऊन पुसलं. एक तोंड निघालं. त्याच्या शेजारी दुसरं. ओळीनं तोंडंच तोंडं, अंगठ्याएवढी. एकाचे गाल फुगलेले, शिंक अडकल्यासारखे. एकीनं एक डोळा मारलेला. एक फेटेवाला, ओठावरून खाली हनुवटीपर्यंत लांबलेलं नाक. मामंजी! आज्जीचे मामंजी! आन् सगळ्यात कडेला एक माणूस, कानावर सुताराची पेन्सिल खोचलेला, बाकीच्यांकडं बघून तोंड दाबून हसणारा.

बसलेल्या माणसाला ह्यातलं काहीच दिसत न्हाई. उभ्याला तर न्हाईच. फक्त पाळण्यात उताण्या पडलेल्या लेकराला दिसतं. पणजोबानं अख्ख्या गावाच्या नकला केल्या होत्या आन् जे कुणाला सांगू शकत न्हाईत त्यांनाच दाखवल्या होत्या. आन् आम्ही शिकलेली माणसं त्यालाच खडबडीत म्हणून वर करून टांगून राहिलो होतो.

"पप्पा," मी म्हणलं, "जरा इथं पडा."

"मी कशाला?"

"पडा तर."

पप्पा गुडघे धरत धरत माझ्या शेजारी आडवे झाले. पोट वर, चष्मा कपाळावर. लई वेळ बघत होते. मग, मी शपथेवर सांगतो, आमच्या पप्पांनी गाल फुगवले. त्या शिंक अडकलेल्या माणसासारखे. डिट्टो. माझ्याहून चांगले.

आई दारातून म्हणली, "हुडकलं का कुणावर गेला ते?"

पप्पांनी पडल्या पडल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी बायका आल्या. घुगऱ्या झाल्या, वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, त्याच्या तिटेवरून बायका हसल्या. आत्यानं पोरीच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं आन् सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. मग पोरीला पाळण्यात ठेवायची वेळ आली. ताई पाळण्याशी उभी राहिली, वाकली, आन् तशीच थांबली. हात सुटंनात. बायका गाणं म्हणत होत्या, ते पण हळूहळू थांबलं.

मी पुढं झालो. "ताई, आधी तू बघ. डोकं घाल आत आन् वर बघ."

"काय?"

"बघ तर. ती कुणासोबत ऱ्हाणार हाय ते बघून घे."

पोरीला छातीशी धरूनच तिनं कडेवर डोकं टेकवलं आन् मान वळवून वर बघितलं. मग तिच्या पोटातून हसू आलं. "अगं माय... टाके... टाके दुखतेत रे," म्हणत होती आन् हसत होती. "हा पेन्सिलवाला कोण? तूच दिसून राहिलास, मेल्या!"

हसता हसताच तिनं पोरीला खाली ठेवलं. वरवंट्याच्या शेजारी. हात काढून घेतला. पोरगी कुरकुरली, मग वर बघत पडून राहिली. एवढ्या लहान लेकराला काय दिसतं, धूसर असतं सगळं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणल्या. असंल.

ताई पाळण्याशेजारी सतरंजीवर टेकली. जरा पाठ लावते म्हणली. घरात बायका, पोरं, घुगऱ्यांच्या ताटल्या, सगळा कालवा. आन् ती आडवी होऊन, तोंड उघडं टाकून झोपली. आईनं नुसतं बोट ओठावर ठेवलं. सगळ्या बायका कुजबुजायला लागल्या, शेजारची काकूसुद्धा. मी पाळण्याची दोरी अंगठ्याला बांधली आन् ओढत बसलो. पणजोबा वरून सगळं बघत होता. त्याला पहिल्यांदाच मनात नमस्कार केला.

तेवढ्यात फोन थरथरला. गावाकडून नातसुनेनं लावला होता, पण बोलली आज्जी.

"निजली का?"

"निजल्या आज्जी," मी हळूच म्हणलं. "दोघी बी."

तिकडं मिसरीची डबी झाकल्याचा आवाज आला.

"मग वरवंट्याची घाई करू नको," आज्जी म्हणली. "आमच्याकडं मिक्सर हाय."